शाळेतील संगणक आणि मुक्त कार्यप्रणाली

एखाद्या शाळेच्या कोपऱ्यात संगणक कापडाने झाकून ठेवलेला असतो. विचारणा करता, "आता तो जुना झाला," असे उत्तर मिळते. यंत्राचे भाग सुस्थितीत असतात. जुनी झालेली असते ती त्यातील कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला आणि विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर बसत नाही. अशा वेळी शहापूर-मुरबाडच्या वाडीवरील मुलाने संगणकास हात लावावयाचा की नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर मुक्त कार्यप्रणालीत सापडू शकते.

मुक्त म्हणजे काय?

संगणकाच्या यंत्रभागांना कामास लावणारा मूळ आज्ञासंच म्हणजे कार्यप्रणाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प घोषित केला. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा रचला. या दोहोंच्या आधारे डेबियन, उबुंटू यांसारख्या प्रणाली तयार झाल्या. सी-डॅक या भारतीय संस्थेने भारतीय भाषांचा विचार करून २००७ मध्ये ‘बॉस’ ही प्रणाली आणली.

‘मुक्त’ म्हणजे केवळ ‘फुकट’ नव्हे. अशी प्रणाली वापरण्याची, तिची रचना अभ्यासण्याची, तीत बदल करण्याची व ती दुसऱ्यास देण्याची मोकळीक असते. घरच्या कणगीतील भाताचे बियाणे शेतकरी पुढील वर्षी पेरतो, शेजाऱ्यासही देतो. तसेच हे आहे. एका पेनड्राइव्हवरील प्रत केंद्रातील सर्व शाळांनी वापरली तरी कायद्याचा भंग होत नाही. जेथे इंटरनेटची गती मंद आहे, तेथे ही सोय विशेष मोलाची ठरते.

नित्याच्या कामाची कसोटी

ही प्रणाली तज्ज्ञांसाठीच आहे, असा समज रूढ आहे. परंतु अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. तो फोन शिक्षक रोज सहज हाताळतात. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातील खैराट धनगरवाडा येथे, एकशिक्षकी शाळेत, २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या उपक्रमाचा प्रयोग झाला. त्या लॅपटॉपवर लिनक्सवर आधारलेले ‘शुगर’ हे वातावरण होते. पूर्वसवय नसलेल्या मुलांना ते परके वाटण्याचे कारण नव्हते. अडचण बहुधा प्रणालीची नसते. मोठ्यांच्या जुन्या सवयीची असते. केरळ राज्याने तर आपल्या शाळांचे संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवरच उभे केले आहे.

शाळेची नित्याची कामे पाहावीत. यू-डायस, शालार्थ यांसारखी संकेतस्थळे ब्राउझरमधून उघडतात. पत्रे व गुणतक्ते लिबरऑफिसमध्ये तयार होतात. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक प्रणालीतच उपलब्ध असतो. लहान मुलांना चित्रे काढण्यासाठी ‘टक्स पेंट’ व खेळांतून अभ्यासासाठी ‘जीकॉम्प्रि’ विनामूल्य मिळतात.

अडचणी

त्या लपवून उपयोग नाही. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलिखित केलेले जुने दस्तऐवज प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करावे लागतात. वर्डमध्ये केलेल्या तक्त्यांची मांडणी लिबरऑफिसमध्ये कधी विस्कटते. काही छपाईयंत्रे व डिजिटल स्वाक्षरीची साधने सहज जुळत नाहीत. फार जुन्या ३२-बिट यंत्रांवर बहुतेक नव्या आवृत्त्या चालत नाहीत. आणि सर्वांत मोठी अडचण ही की, बाजारातील दुरुस्ती करणाऱ्यास विंडोजचीच सवय असते. काही अडले तर विचारावे कोणास?

शाळेने काय करावे?

१. प्रथम महिनाभरातील संगणकावरील कामांची यादी करावी.
२. यंत्रातील माहितीची दुसरी प्रत काढून सुरक्षित ठेवावी.
३. प्रणाली लगेच न बसवता आठवडाभर पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावी. यात मूळ प्रणालीस धक्का लागत नाही.
४. छपाई, मराठी टंकलेखन, ध्वनी व इंटरनेट ही चारही कामे तपासावीत.
५. जे काम मुळीच होत नाही, त्यासाठी एक विंडोज यंत्र राखावे. उरलेली यंत्रे मुलांच्या हाती द्यावीत.
६. केंद्रातील दोन शिक्षकांनी ही विद्या नीट आत्मसात करून इतरांना साहाय्य करावे. एकट्या शिक्षकावर भार पडल्यास त्याच्या बदलीबरोबर यंत्रही पुन्हा कापडाखाली जाते.

सारांश, सर्वसामान्य माणसास मुक्त प्रणाली योग्य की अयोग्य, याचा निर्णय प्रणालीच्या नावावरून होत नाही. काम कोणते आणि शेजारी विचारावयास कोण, या दोन गोष्टींवरून तो होतो. दुसरी गोष्ट शिक्षकांच्या हाती आहे.

केंद्रातील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील कोणते काम ब्राउझरवाचून अडते?
२. बंद पडलेल्या संगणकांपैकी यंत्रदोषाने किती बंद आहेत व केवळ प्रणाली जुनी झाल्याने किती?
३. वीज अवेळी गेल्यास काम वाया जाऊ नये, म्हणून मुलांना कोणती सवय लावावी?