खाणीवरची सुगरण



आमच्या गावाबाहेर एक जुनी दगडखाण आहे. पूर्वी तिथे सुरुंग लावून खडी काढीत. खाण बंद पडली आणि मोठा खड्डा राहिला. आपल्याकडचा काळा कातळ कठीण. त्यातून पाणी लवकर झिरपत नाही. म्हणून पावसाचं पाणी तिथे साठतं. पाण्यात मासे, बेडूक, किडे आले आणि त्यांच्यामागे पक्षी आले.

बाईंबरोबर आम्ही चार रविवार तिथे गेलो. खाणीच्या कडा उभ्या आहेत, पाणी खोल आहे. म्हणून वरच्या पायवाटेवरूनच पाहिलं. वहीत लिहिलं ते असं :

१) खंड्या : पाठ निळी, डोकं तपकिरी, चोच लाल. मातीच्या उभ्या कडेत बीळ करून अंडी घालतो.

२) पाणकावळा : बुडी मारून मासे धरतो. मग दगडावर पंख पसरून वाळवत बसतो. जणू धोतरच वाळत घातलंय!

३) ढोकरी : बसली की मातीच्या रंगाची, उडाली की पांढरी.

४) टिबुकली : इथे बुडते, तिथे निघते.

५) सुगरण : हिच्याबद्दल जरा जास्त लिहितो.

खाणीच्या काठावर शिंदीचं झाड आहे. त्याच्या झावळ्या पाण्यावर झुकल्या आहेत. त्यांना सुगरणीचे खोपे लोंबतात. खाली पाणी असलं की मांजर किंवा साप तिथवर सहज पोचत नाही. पण माणूस पोचतो. मागच्या पावसाळ्यात मीच पोचलो.

मला शाळेत दाखवायला खोपा हवा होता. आकडीने मी लांब नळीचा एक सुंदर खोपा ओढला. घरी आणला. आजीने हात घालून पाहिलं आणि म्हणाली, "आरं, हा रिकामा नाय रं!" आत दोन पांढरी अंडी होती. एक फुटलं होतं. मी धावत परत गेलो. मादी त्या झावळीभोवती घिरट्या घालत होती. तुटलेला खोपा पुन्हा बांधता येईना. त्या रात्री मी जेवलो नाही.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी डॉ. सालिम अलींची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिचा गळा पिवळा होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढे जन्मभर पक्षीच अभ्यासले. १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी आपल्याच अलिबाग तालुक्यात, किहीमला, सुगरणीचं बारीक निरीक्षण केलं.

त्यांना काय दिसलं? आपण 'सुगरण' म्हणतो, पण घर बांधतो नर! विणीच्या दिवसांत त्याचं डोकं व छाती पिवळीजर्द होते. भाताच्या व गवताच्या पात्यांच्या चिंध्या आणायला तो शेकडो फेऱ्या घालतो. खोपा अर्धा, टोपीसारखा झाला की माद्या पाहायला येतात. एखादीला पसंत पडला तरच तो पुरा करून नळी विणतो. मादी आत अंडी घालते व सुमारे दोन आठवडे उबवते. नर मात्र दुसरा खोपा बांधायला घेतो!

म्हणजे नळीचा खोपा हे बहुधा भरलेलं घर असतं. मला हे आधी ठाऊक असतं तर ते अंडं फुटलं नसतं.

यंदा त्या शिंदीवर मी अकरा खोपे मोजले. सात नळीचे, चार अर्धे. एकाही खोप्याला हात लावला नाही.

पालकांनो, खाण धोक्याची आहे हे खरं. तिला कुंपण जरूर घाला. पण शिंदी तोडू नका आणि खाणीत कचरा टाकू नका.

आणि मित्रांनो, दगड नको, आकडी नको. वही-पेन्सिल घ्या, मोठ्या माणसाला बरोबर घ्या. तुमच्या वाडीतल्या माडावर किती खोपे आहेत? मोजा आणि या फलकाखाली लिहा!

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी