विचारायला घाबरू नका

सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत नोकरी करताना आम्ही विष घेतलेले पेशंट वर्षानुवर्षे सांभाळले. पोट धुणे, सलाईन, अ‍ॅट्रोपीन, थोड्या थोड्या वेळाने नाडी आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघणे, हे सारे नर्सिंगच्या डिप्लोम्यात शिकवलेले होते. चार दिवसांनी पेशंट उठून बसे, नातेवाईक "चुकून घेतलं" म्हणत आणि डिस्चार्ज होई. त्याला मरावेसे का वाटले, हे विचारणारा रकाना केसपेपरवर नव्हता. आता विहारात आणि महिला मंडळांत आम्ही आत्महत्या प्रतिबंधाचे जे प्रशिक्षण देतो, ते त्या रिकाम्या रकान्यासाठीच.

पहिल्याच तासाला कुणीतरी उपासिका विचारते, "ताई, थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरणार नाही का?" नाही भरत. विचारल्याने धोका वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारले याचेच हायसे वाटते. पण "वेडंबिडं काही करणार नाहीस ना?" असे विचारू नका, कारण त्यात "नाही" हे उत्तर आपणच देऊन ठेवतो. एकांतात, शेजारी बसून, साध्या शब्दांत विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?"

"हो" म्हटले तर दचकू नका. "लेकरांकडे बघ" हा उपदेशही नको. लेकरांकडे बघूनच तो माणूस इथवर आलेला असतो. दुःख आहे, हे तथागतांनी पहिल्याच आर्यसत्यात सांगितले. मग दुःख सांगणाऱ्याला आपण गप्प का करावे? ऐकून घ्या. मग विचारा, काही ठरवले आहे का, साधन जवळ आहे का. ठरवले असेल तर क्षणभरही एकटे सोडू नका, आणि फवारणीचे औषध, गोळ्या घरातून हलवा. ही लाट पुष्कळदा थोडा वेळच टिकते. त्या वेळेत साधन हाताशी नसले की जीव वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

हॉस्टेलवरच्या आपल्या मुलामुलींबद्दल वेगळे बोलले पाहिजे. २०१६ साली रोहित वेमुला गेला, २०१९ साली डॉ. पायल तडवी गेली. अशा वेळी "मन कमकुवत होतं" म्हणणाऱ्यांना आम्ही प्रशिक्षणातच थांबवतो. जातीचा अपमान गोळीने बरा होत नाही; त्यासाठी कॉलेजचा समान संधी कक्ष आहे, अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. मात्र तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्या मुलीला झोप लागली पाहिजे, जेवण गेले पाहिजे. म्हणून तक्रार आणि उपचार दोन्ही एकाच वेळी चालू ठेवा. मानसोपचार घेतल्याने तक्रार खोटी ठरत नाही.

पोलिसांच्या भीतीने पेशंटला घरी दडवणारे अजून भेटतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच मानले जाते, आणि तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी आहे. भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरलेले नाही. दवाखाना पोलिसांना कळवेल, पण म्हणून उपचार अडत नाहीत. आधी १०८ ला फोन करा.

बोलण्यासाठी टेली-मानस, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. विहाराच्या फळ्यावर वंदनेच्या वेळेखाली हा नंबर लिहून ठेवा.