योग्यासूत्रीय अध्याय आणि अध्यापनाची आखणी

प्रस्तावना

आयुर्वेदाच्या अध्यापनाचा विषय निघाला की वैद्यमंडळींत दोन पक्ष पडतात. पाठांतर सुटले म्हणून वैद्य घडत नाहीत, असे एक पक्ष म्हणतो. पाठांतरातच वर्षे जातात आणि हातास वळण लागत नाही, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते. दोन्ही पक्षांस संहितेतून आधार काढता येतो. तथापि सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिले दहा अध्याय सलग वाचले असता ध्यानी येते की, आचार्यांनी हा वाद केव्हाच मिटविला आहे. काय शिकवावे याबरोबरच ते कोणत्या क्रमाने, कशावर आणि कोठवर शिकवावे याची पद्धतशीर आखणी तेथे आढळते. आज शिक्षणशास्त्र ज्यास अध्यापनाची आखणी म्हणते, तिचेच हे प्राचीन रूप होय. त्या आखणीचा परिचय करून घेणे व तिच्या आधारे निरूहबस्तीचा एक पाठ कसा बांधता येईल हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सुश्रुतोक्त क्रम

सूत्रस्थानातील दुसरा अध्याय शिष्योपनयनीय, तिसरा अध्ययनसंप्रदानीय आणि चौथा प्रभाषणीय. शिष्याची निवड, ग्रंथाचे अध्ययन आणि अर्थाचे विवरण अशा या तीन पायऱ्या आहेत. अर्थ न समजता अनेक शास्त्रे वाचणाऱ्यास चंदनाचा भार वाहणाऱ्या गर्दभाची उपमा चौथ्या अध्यायातच दिली आहे. तर तिसऱ्या अध्यायात, केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा हे दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे असमर्थ ठरविले आहेत. पुढे यंत्रे व शस्त्रे यांचे वर्णन येते आणि नववा अध्याय येतो तो योग्यासूत्रीय. योग्या म्हणजे कर्माचा सराव. दहावा अध्याय विशिखानुप्रवेशनीय, म्हणजे व्यवसायात पदार्पण करण्याविषयीचा आहे.

हा अनुक्रम सहेतुक आहे. व्यवसायात शिरण्यास कोण पात्र, हे सांगताना दहाव्या अध्यायाच्या आरंभी आचार्य पाच गोष्टी मागतात : ग्रंथ अभ्यासिलेला असावा, त्याचा अर्थ जाणलेला असावा, कर्म पाहिलेले असावे, योग्या केलेली असावी आणि शास्त्र सांगता येत असावे. यानंतर राजाची अनुज्ञा. म्हणजे ‘पाहिले’ आणि ‘केले’ या दोन पायऱ्या वेगळ्या मानल्या आहेत, आणि ‘केले’ ही पायरी रुग्णास स्पर्श करण्यापूर्वीची आहे. अमेरिकन वैद्यकशिक्षक जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय कौशल्याचा चार पायऱ्यांचा मनोरा मांडला : जाणतो, कसे करावे ते जाणतो, करून दाखवितो आणि प्रत्यक्ष व्यवहारात करतो. आज हा मनोरा जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकविला जातो. आपल्या विद्यार्थ्यास तो समजावताना दहावा अध्याय शेजारी ठेवावा, इतके हे साम्य लक्षणीय आहे.

कर्मानुरूप द्रव्य

योग्यासूत्रीय अध्यायाचे खरे वैशिष्ट्य द्रव्यांच्या निवडीत आहे. छेदनासाठी कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांसारखी फळे. भेदनासाठी पाण्याने व चिखलाने भरलेली चामड्याची पिशवी वा मूत्राशय. लेखनासाठी ताणून बसविलेले केसाळ कातडे. वेधनासाठी मृत पशूच्या सिरा आणि कमळाचे देठ. एषणासाठी किडीने पोखरलेले लाकूड, वेळू आणि वाळलेल्या भोपळ्याचे तोंड. आहरणासाठी फणस, तोंडले व बेलफळ यांचा गर आणि मृत पशूचे दात. विस्रावणासाठी मेणाचा लेप दिलेली सावरीची फळी. सीवनासाठी दाट विणीच्या तलम वस्त्राच्या व मऊ कातड्याच्या कडा. बंधनासाठी मनुष्याकृती पुतळा.

येथे प्रत्येक कर्मातील नेमकी अडचण कोणती, हे आधी ठरविले आहे आणि तेवढीच अडचण असलेले द्रव्य मग शोधले आहे. वेधनात सिरा निसटते, कमळाचे देठही निसटते. भेदनात आतील द्रव केव्हा बाहेर येईल याचा अंदाज हातास हवा, तो भरलेल्या पिशवीवरच येतो. द्रव्य स्वस्त आहे, पुन्हा मिळणारे आहे आणि त्यास वेदना नाही. सरावासाठी साधन निवडण्याचे निकष आजही हेच आहेत. नागपुरातील वैद्यास यांतील निम्मी सामग्री कॉटन मार्केटच्या एका फेरीत मिळेल. महागडी कृत्रिम प्रतिमाने नाहीत म्हणून सराव नाही, ही सबब आचार्यांनी आपणांस ठेवलेली नाही.

बस्तीविषयीही सूचना आहे. नेत्र प्रविष्ट करणे व बस्ती पिळणे यांचा सराव पाण्याने भरलेल्या घटाच्या कुशीतील छिद्रावर आणि भोपळ्याच्या तोंडावर करावयाचा आहे. आमच्या चिकित्सालयात शिकावयास येणाऱ्या नवपदवीधरांस आम्ही प्रथम निरूहाच्या मिश्रणाचा क्रम विचारतो. मध, सैंधव, स्नेह, कल्क, क्वाथ हा क्रम बहुतेकांस मुखोद्गत असतो. मात्र खल व रवी हाती देताच काहींचा हात आधी क्वाथाकडे जातो. स्मरण आहे, परंतु ते हातापर्यंत पोहोचलेले नाही, एवढाच याचा अर्थ. ही उणीव विद्यार्थ्याच्या बुद्धीची नसून पाठाच्या आखणीची आहे.

निरूहबस्तीच्या पाठाची आखणी

१. उद्दिष्ट : ‘विद्यार्थ्यास निरूहबस्तीची माहिती होईल’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. ‘विद्यार्थी मिश्रण एकजीव करील, त्याची उष्णता तपासील, बस्तीतील वायू काढील, नेत्र योग्य दिशेने प्रविष्ट करील, एकसारख्या दाबाने बस्ती देईल आणि प्रत्यागमनाचा काळ नोंदवील’ हे उद्दिष्ट डोळ्यांनी पाहून तपासता येते. उद्दिष्टातील क्रियापद दिसणारे असावे, हा आखणीचा पहिला नियम होय.

२. पूर्वज्ञान : पाठापूर्वी विद्यार्थ्यास बस्तीयोग्य व अयोग्य रुग्ण, वामपार्श्वावर निजविण्याचे कारण आणि द्रव्यांचे प्रमाण ठाऊक असले पाहिजे. ते वर्गात पुन्हा सांगत बसू नये. आरंभी पाच प्रश्न लेखी विचारावेत व उणीव दिसेल तेवढीच भरून काढावी.

३. प्रात्यक्षिक : शल्यचिकित्सक पेटन यांनी १९९८ मध्ये सांगितलेली चार टप्प्यांची रीत येथे उपयुक्त आहे. प्रथम अध्यापकाने संपूर्ण कर्म नेहमीच्या गतीने, न बोलता करून दाखवावे. दुसऱ्या वेळी प्रत्येक कृतीचे कारण सांगत करावे. तिसऱ्या वेळी विद्यार्थ्याने सांगावे व अध्यापकाने केवळ त्याप्रमाणे करावे. चौथ्या वेळी विद्यार्थ्याने स्वतः बोलत करावे. तिसरा टप्पा बहुधा गाळला जातो, आणि वास्तविक समज कोठे अपुरी आहे ती याच टप्प्यावर उघड होते.

४. योग्या : कुशीस छिद्र पाडलेला मातीचा माठ, पॉलिथिनची पिशवी, नेत्र, कोमट पाणी, खल व रवी एवढी सामग्री पुरते. मिश्रण मात्र खऱ्या द्रव्यांचे करावे, कारण तेल वर तरंगते की मिसळते हे पाण्यावर कळत नाही. एका माठाजवळ तीनच विद्यार्थी असावेत : एक करणारा, एक पाहून नोंदविणारा, एक साहाय्य करणारा. मग भूमिका बदलाव्यात.

५. परीक्षण : नोंदविण्यासाठी वेगळा तक्ता रचण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील पाचव्या अध्यायात नेत्राचे आठ, बस्तीचे आठ आणि प्रणेत्याचे दहा दोष सांगितले आहेत. वायूसह बस्ती देणे, फार शीघ्र देणे, नेत्र तिरपे जाणे, हात कापणे, अतिमंद वा अतिवेगाने पिळणे इत्यादी दोष त्यांत येतात. हे दहा दोष एका कागदावर लिहून पाहणाऱ्याच्या हाती दिले की उत्तम तक्ता तयार होतो. जे दोष पाठ करून परीक्षेत गुण मिळविले जातात, त्यांचा आचार्यांस अभिप्रेत असलेला उपयोग हा आहे.

६. पुनरावृत्ती : जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखविले की, शिकलेले सुरुवातीस फार वेगाने व पुढे हळूहळू विसरले जाते. रोडिगर व कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगात, पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा ग्रंथ मिटून आठवून पाहणाऱ्यांस आठवड्यानंतर अधिक स्मरत होते. यास्तव हाच पाठ आठवड्याने व पुन्हा महिन्याने, वही न पाहता करवून घ्यावा. संहितापठणाची जुनी परंपरा ग्रंथ मिटून म्हणण्याचीच होती. पाठांतराचे हे सामर्थ्य टाकण्यासारखे नाही, केवळ ते कर्माशी जोडावयाचे आहे.

अध्यापकाची पात्रता

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात आचार्याचे गुण सांगताना ज्ञान, कर्मदर्शन, शुचिता, शिष्यवात्सल्य यांच्या जोडीस ज्ञापनसामर्थ्य हा स्वतंत्र गुण गणला आहे. विद्वत्ता आणि दुसऱ्यास समजावून देण्याची शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. त्याच अध्यायात तद्विद्यसंभाषेचे विस्तृत विवेचन आहे. त्यातील संधायसंभाषा, म्हणजे परस्परांविषयी आदर बाळगून केलेली चर्चा, ही विद्यार्थ्यांच्या लहान गटांस आजही जशीच्या तशी लागू पडते.

आजची स्थिती

भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार बी.ए.एम.एस. अभ्यासक्रम प्रत्येकी अठरा महिन्यांच्या तीन भागांत विभागला असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता आहे. व्याख्यानांपेक्षा व्याख्यानेतर अध्यापनास अधिक तास दिले आहेत. पंचकर्म हा विषय तिसऱ्या भागात येतो. तास मिळाले ही संधी होय. परंतु त्या तासांत विद्यार्थी केवळ घोळक्याने उभे राहून पाहत असतील, तर नावापुरते प्रात्यक्षिक होईल आणि योग्या राहून जाईल. सुश्रुताचार्यांच्या भाषेत तो दृष्टकर्मा होईल, कृतयोग्य नव्हे.

नागपुरात सक्करदरा चौकातील शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व हनुमाननगरातील श्री आयुर्वेद महाविद्यालय यांमुळे विद्यार्थ्यांची वाण नाही. संघटनेचे अनेक सदस्य नवपदवीधरांस आपल्या चिकित्सालयात शिकवितात. वर्षा ऋतूत वातशमनार्थ बस्तीचे रुग्ण वाढतात. तेव्हा ज्येष्ठातच, पाऊस लागण्यापूर्वी, सदस्यांनी आपापल्या विद्यार्थ्यांकडून दोन रविवार माठावरील योग्या करवून घ्यावी व दहा दोषांचा तक्ता प्रत्येकाचा भरून ठेवावा, असे आम्ही सुचवितो. ज्याचा तक्ता स्वच्छ नाही त्याने रुग्णाजवळ साहाय्यक म्हणूनच उभे राहावे.

उपसंहार

प्रत्येक वैद्याच्या आयुष्यात पहिला बस्ती घेणारा रुग्ण असतोच. तो विश्वासाने वामपार्श्वावर निजतो आणि आपल्या मागे उभ्या असलेल्या हाताने यापूर्वी काय केले आहे, हे त्यास ठाऊक नसते. त्या हाताने माठावर दहा वेळा चुका करून सुधारलेल्या असाव्यात, याची जबाबदारी शिकविणाऱ्यावर आहे. सुश्रुताचार्यांनी नववा अध्याय दहाव्याच्या आधी ठेवला, तो याच रुग्णासाठी. तो क्रम आपण पाळावा, ही सर्व वैद्यबंधुभगिनींस नम्र विनंती.