विसरभोळेपणा, म्हातारपण आणि रक्ताची तपासणी

‘वय झाले, आता विसरायला होणारच,’ असे आपल्याकडे घरोघर म्हटले जाते. परंतु चष्मा कुठे ठेवला हे न आठवणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला स्मृतिभ्रंश म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्या दर शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना तो आहे. स्त्रियांत, खेड्यांत आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्यांत त्याचे प्रमाण जास्त आढळले. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कितीजण या तिन्हींत बसतात, ते सभासदांनीच पाहावे.

स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण अल्झायमरचा आजार. यात अमायलॉइड नावाचे प्रथिन मेंदूत साचते व टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो. ही पडझड लक्षणे दिसण्याच्या १५-२० वर्षे आधीच सुरू होते. पूर्वी ती जिवंतपणी ओळखायची तर महागडे पेट स्कॅन करावे लागे, किंवा पाठीच्या मणक्यातून पाणी काढावे लागे. आता रक्तातूनही तिचा माग लागतो. अमायलॉइड मेंदूत अडकले की रक्तातील त्याचा एक प्रकार घटतो आणि पी-टाऊ २१७ वाढते. (२१७ हा टाऊच्या साखळीतील जागेचा क्रमांक आहे.) या दोहोंचे गुणोत्तर काढणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये परवानगी दिली.

मात्र ही परवानगी ५५ वर्षांवरील, लक्षणे दिसू लागलेल्या व तज्ज्ञाकडे आलेल्या रुग्णांपुरतीच आहे. धडधाकट माणसाने हौसेने करून घेण्याची ही तपासणी नव्हे. ४९९ नमुन्यांच्या परीक्षणात काहींचा निकाल ‘सांगता येत नाही’ असाच आला. शिवाय मूत्रपिंड अधू असेल तरी हे प्रथिन वाढलेले दिसते.

आमच्या मते आपल्या घरांसाठी याहून महत्त्वाची तपासणी साधी आहे आणि ती तालुक्याच्या गावीही होते. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले किंवा थायरॉइड मंदावले, तरी माणूस विसरू लागतो, सुस्तावतो. आणि हे वेळीच कळले तर औषधाने बरेच सुधारते. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ घटू शकते. आम्ही बँकेच्या खिडकीमागे बसतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर येतात. एखाद्याची सही जुळत नाही, एखादा त्याच कामासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. रांगेतले लोक हसतात. त्याचे रक्त कोणी तपासले आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही.

विद्यार्थी मित्रांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्मरणशक्ती तपासताना १०० मधून सातसात वजा करा, एक वाक्य लिहा, असे सांगणारी एक परीक्षा १९७५ पासून जगभर चालते. अंगठा उठवणारी आजी तिच्यात नापास होणारच. तो आजार नव्हे. म्हणून हरियाणातील बल्लभगड येथील अभ्यासासाठी निरक्षरांना चालेल अशी हिंदी परीक्षा तयार करण्यात आली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. आजीला दवाखान्यात नेताना तिच्या सगळ्या गोळ्या बरोबर घ्याव्यात, आणि ती शाळेत गेलेली नाही, हे डॉक्टरांना आधी सांगावे.