अभ्यास पाठ : काळजी करणे आणि काळजी घेणे



मागच्या गुरुवारी बैठकीनंतर दोन-तीन भगिनींनी एकच गोष्ट विचारली. "घरात म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूच्या तपासण्या चालल्या आहेत, रिपोर्ट यायचेत, जपाला बसलं तरी मन तिकडेच जातं. काय करावं?" आमच्याही घरी सध्या हेच चाललं आहे. म्हणून या वेळचा पाठ याच विषयावर घेतला.

आपल्या भाषेत "काळजी करणे" आणि "काळजी घेणे" यात शब्द एकच आहे, क्रियापद तेवढं वेगळं. या दोन्हींतला फरक आम्हाला पन्नाशी उलटल्यावर कळला, तोही आईंकडून.

*आमचा अनुभव*

आमच्या आई (सासूबाई) 78 वर्षांच्या. रोज वहीत नाम लिहितात. भरलेल्या वह्या पेटीत ठेवताना आमच्या लक्षात आलं की जुन्या वहीत अक्षर ओळभर मोठं आहे, नव्या वहीत मात्र लहान होत होत ओळीच्या शेवटी मोहरीएवढं होतं. उजव्या हाताचा अंगठाही नुसतं बसल्या बसल्या हलायचा. चालताना पाय घासायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं.

बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी इंदूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्ताच्या तपासण्या, एमआरआय, पुन्हा नंबर, असे तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत आम्ही काय केलं? रात्री नणंदबाईंना फोन, मोबाईलवर शोधाशोध, स्वयंपाकघरात कुजबुज. आईंसमोर मात्र हसून बोलायचं. कोणी म्हणे मशीनमध्ये घालू नका, कोणी म्हणे अमक्याकडे न्या.

आईंनी चहा घेणं सोडलं, कारण कप हिंदकळायचा. एक दिवस दिवेलागणीला त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी मला काय सांगितलं, ते मला कोण सांगणार?"

आमची मान खाली गेली. काळजी आम्ही रात्रंदिवस केली होती. पण त्यांच्याजवळ कोणी बसलं नव्हतं.

*समजून घेण्यासारखे*

1. तपासणी म्हणजे निकाल नव्हे. हात कापणं, चाल मंदावणं, विसरणं याला बरीच कारणं असतात आणि त्यातली काही बरी होण्यासारखी असतात. बी-12 कमी असणं (आपल्या शाकाहारी घरांत हे पुष्कळ दिसतं), थायरॉइड, डोक्यात पाणी साठणं. चक्कर आणि मळमळीच्या, पोटाच्या काही गोळ्याही (सिनारिझिन, लेव्होसल्पिराइड यांसारख्या) दीर्घकाळ घेतल्या तर हात कापू लागतात. ही कारणं सापडावीत म्हणूनच तपासण्या करतात. भीतीने त्या टाळल्या तर बरं होण्यासारखं कारणसुद्धा राहून जातं.

2. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, एका रक्ताच्या तपासणीने किंवा एका फोटोने ठरत नाही. एमआरआय बहुतेक वेळा दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. डॉक्टर बोटं आपटायला सांगतात, चालवून बघतात, लिहायला लावतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजारावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं ते सहा माणसांवरून, आणि त्यातली काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेली होती. आजही बघण्याला तेवढंच महत्त्व आहे. आणि आपल्या माणसाला आपल्याइतकं रोज कोण बघतं?

3. एक सावधगिरी. तोंड अचानक वाकडं होणं, एका बाजूचा हात गळणं, बोलणं अडखळणं, यात नंबरची वाट बघायची नाही. त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

*काळजी घेणे म्हणजे काय करायचे*

▪️ एक वही करा. हात कधी कापतो, काम करताना की स्वस्थ बसल्यावर? झोप, बद्धकोष्ठ, वास येतो की नाही, पडणं. तारखेसह एक-एक ओळ पुरे. चालतानाचा छोटा व्हिडिओ काढा. आमच्या डॉक्टरांनी जपाच्या दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या.

▪️ घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, काढे-चूर्णसुद्धा. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, कंपवाताच्या गोळीतही तेच. डॉक्टरांना न सांगता दोन्ही घेऊ नका. आणि कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

▪️ एमआरआयला जाताना धातूचं सगळं घरीच काढावं. पेसमेकर असेल तर आधी सांगावं. मशीनचा आवाज फार मोठा असतो, हे माणसाला अगोदर समजावून सांगावं. आमच्या आईंनी मंगळसूत्र काढायला कांकूं केलं, तेव्हा अण्णांनी ते मुठीत धरलं आणि आई बाहेर येईपर्यंत मूठ उघडली नाही.

▪️ 70 वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, 2024 पासून आयुष्मान कार्ड मिळतं. ते दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारासाठी आहे. करून ठेवावं.

▪️ जे कळलं ते त्यांना सांगा. डॉक्टरांसमोर त्यांना बोलू द्या, मध्ये आपण उत्तरं देऊ नका.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे आजारी माणसाला "शुभार्थी" म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला "शुभंकर". शुभार्थी आणि शुभंकर एकत्र जमतात, अनुभव सांगतात, नाचाचे वर्गसुद्धा तिथल्या शुभार्थींसाठी चालले आहेत. हे दोन शब्द आम्ही घरात घेतले आहेत. "पेशंट" म्हटलं की माणूस पलंगावर जातो.

*सेवा आणि औषध*

काही जण विचारतात, गुरूंवर श्रद्धा आहे तर तपासणी कशाला? आम्हाला वाटतं, नाम मनाला धीर देतं आणि त्या धीरानेच दवाखान्याच्या रांगेत उभं राहता येतं. अंगारा लावावा, गोळीही वेळेवर द्यावी.

आईंचं पुढे काय झालं, हे विचाराल. बी-12 कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. एमआरआयमध्ये दुसरं काही नाही. डॉक्टरांना कंपवात वाटतो. गोळी सुरू केली आहे, तिचा गुण कसा येतो ते पाहून 3 महिन्यांनी पक्कं सांगतील. म्हणजे आम्ही अजून वाट बघतोच आहोत. पण आता आईंना सगळं माहीत आहे. त्यांना दुरेघी वही आणून दिली, दोन रेघांच्या मध्ये अक्षर मोठं येतं. चहा मोठ्या मगात अर्धाच देतो, त्या दोन्ही हातांनी धरून पितात. परवा स्वतःच म्हणाल्या, "कापू दे हात, नाम तर लिहिते आहे ना?"

*या आठवड्याचा संकल्प*

रोज 15 मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसायचं. त्यांना विचारायचं, "आज कसं वाटतं?" आणि उत्तर पूर्ण ऐकायचं. त्यांच्याबद्दल एक ओळ वहीत लिहायची. वडीलधारी दूर गावी असतील त्यांनी फोनवर करावं.

हा पाठ घरी सर्वांनी मिळून वाचावा, शक्यतो वडीलधाऱ्यांसमोरच, मोठ्याने.

जय गुरुदेव 🙏