आजीची गोळी, नातवाची गोटी

रायपूरहून दुर्गकडे जाताना टाटीबंधचा चौक मागे पडला, खारून नदी ओलांडली की कुम्हारी लागते. डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की इथल्या काही घरांच्या गच्चीवर कागदी तारे लटकू लागतात, रात्री कॅरल गाणाऱ्यांचा घोळका दारोदार फिरतो आणि गल्लीत अरसा या गोड पदार्थाच्या गुळाचा वास दरवळतो. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी १९५९ साली पेटली. त्या कामासाठी केरळ, आंध्र, तामिळनाडू, ओडिशातून माणसं आली आणि त्यांच्याबरोबर त्यांचा त्यांचा नाताळही आला. छत्तीसगढी ख्रिस्ती कुटुंबं त्याहून जुनी. ऑस्कर लोर या मिशनऱ्याने १८६८ मध्ये बिश्रामपूरला ठाणं वसवलं, तिथवर त्यांचा इतिहास मागे जातो. मराठी वाचकाला तर हा रेल्वेमार्ग परका नाहीच. नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, तेव्हा याच मार्गावरच्या डब्यात एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. राजनांदगाव आणि दुर्ग मागे टाकून तीच गाडी पुढे कुम्हारीवरून जाते.

चोवीस तारखेच्या रात्री अशा घरात तीन पिढ्या एका छताखाली येतात. आजी-आजोबा गावाहून आलेले, सून-मुलगा स्वयंपाकघरात आणि प्रार्थनेच्या तयारीत, आणि दोन-तीन वर्षांचं पोर सगळ्यांच्या पायात. आरोग्याचे सल्ले या दिवसांत बहुतेक केकवर घसरतात. केकवर एवढा राग धरायचं काही कारण नाही. ज्या गोष्टी डॉक्टरांना रात्री उठवतात त्या वेगळ्याच असतात. म्हाताऱ्या माणसाच्या सोयीची वस्तू लहानग्याच्या हाती लागते, आणि लहानग्याची वस्तू म्हाताऱ्या माणसाच्या पायाखाली येते. घर एरवी यातल्या एकाच वयाला सरावलेलं असतं. सणाला दोन्ही वयं एकदम येतात, आणि सगळ्यांचं लक्ष पाहुण्यांकडे असतं.

आजीच्या पिशवीपासूनच सुरुवात करावी. पाहुणी म्हणून आलेली आजी औषधं कपाटात ठेवत नाही. ती उशीखाली, खाटेखालच्या पिशवीत किंवा पदराच्या गाठीत असतात. सकाळची, रात्रीची असे खण पाडलेला प्लॅस्टिकचा डबा असेल तर तो वाजतो, रंगीत दिसतो आणि दोन वर्षांच्या बोटांनीही उघडतो. मधुमेहासाठी दिलं जाणारं ग्लिमेपिराइड घ्या. आजीसाठी ती रोजची एक गोळी. पण तीच एक गोळी लहान मुलाच्या पोटात गेली तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. वाईट भाग असा की ती लगेच उतरेलच असं नाही. मूल तास-दोन तास छान खेळतं, मग झोपतं, आणि ती झोप झोप नसते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही असंच आहे. म्हणून ‘एकच तर गोळी, बघू सकाळी’ हे धोरण इथे चालत नाही. गोळी गेल्याची नुसती शंका आली तरी रिकामं पाकीट हातात घेऊन रुग्णालय गाठावं. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नये. आणि पाहुणे घरात पाऊल टाकतात त्याच वेळी सगळ्या औषधांची एक पिशवी करून ती फडताळाच्या वरच्या खणात ठेवली, तर आजी रागावणार नाही. ‘आजी, गोळ्या वर ठेवल्यात, लागल्या की द्यायला मी आहे’ एवढं सांगितलं की पुरतं.

दुसरी वस्तू चपटी, चकचकीत आणि नाण्याएवढी. गव्हाणीपुढे ठेवायच्या प्लॅस्टिकच्या मेणबत्त्या, चमकणारी सांताची टोपी, गाणारं ग्रीटिंग कार्ड, आजोबांचं श्रवणयंत्र, या सगळ्यांत बटन सेल असतो. त्यावर २०३२ असा आकडा कोरलेला दिसला तर त्याचा अर्थ २० मिलिमीटर रुंदी आणि ३.२ मिलिमीटर जाडी. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला हे माप अगदी चपखल. सेल अडकला की तो लाळेतून वीज वाहू देतो, त्या जागी तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत भिंत जळायला लागते. सेल ‘संपलेला’ असला तरीही. मूल लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, खोकतं, छातीवर हात ठेवतं. ताप नसल्यामुळे घरचे सर्दीचं सिरप देऊन मोकळे होतात. एक्स-रेमध्ये मात्र ओळख पटते: नाण्याची कड एकेरी दिसते, सेलची दुहेरी, आत आणखी एक वर्तुळ काढल्यासारखी. एक वर्षावरच्या मुलाला गिळता येत असेल तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर मध द्यावा, सहा वेळांपेक्षा जास्त नाही. त्याने जळणं थोडं लांबतं. पण मध शोधण्यात वेळ घालवू नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध कधीच नको, या प्रसंगी नाही आणि आजीच्या हौसेची चाटण म्हणूनही नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

घशात अडकण्याचं भय खाण्याचंही आहे. शेंगदाणे, चिक्की, आख्खी द्राक्षं, केकमधले आख्खे काजू, बोराच्या बिया पाच वर्षांच्या आतल्या मुलाला हाती देऊ नयेत. द्राक्ष उभं चिरून द्यावं, दाणे कुटून. मूल खोकत असेल तर त्याला खोकू द्यावं, पाठ थोपटत बसू नये. आवाज बंद झाला, खोकला येईना, ओठ निळसर पडू लागले तर मात्र एक क्षणही थांबू नये. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली करून धरावं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोके द्यावेत, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. मोठ्या मुलाला पाठीवर पाच ठोके, आणि मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच झटके, आत आणि वरच्या दिशेने. हे आलटून पालटून. तोंडात बोट घालून आंधळेपणाने चाचपू नये. वस्तू दिसत असेल तरच काढावी. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ लावावा.

आता गोरसी. छत्तीसगढच्या थंडीत गोरसीला पर्याय नाही असं इथली म्हातारी माणसं मानतात, आणि ते समजण्यासारखं आहे. मातीच्या त्या शेगडीत शेणी किंवा कोळसा धुमसतो, आजी पाय शेकते, बाळंतीण बाळाला शेकते. डिसेंबरअखेर इथला पारा रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याखालीही. गच्चीवर, ओसरीत गोरसी असेल तर हरकत नाही, फक्त रांगत्या मुलाच्या टप्प्यात ती नसावी; निखारा दिसत नाही, राख दिसते, आणि राखेत हात घालायला मुलांना आवडतं. खरी अडचण मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर येते. सगळे परततात, गारठलेले असतात, पाहुण्यांची सोय एकाच खोलीत केलेली असते, दार-खिडकी लावून गोरसी आत घेतली जाते आणि सगळे झोपतात. मंद निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, धूरही दिसेलच असं नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कैक पटींनी घट्ट चिकटतो. बाळ आणि हृदयाचा त्रास असलेले आजोबा यांच्यावर त्याचा परिणाम आधी होतो. एकाच खोलीत झोपलेल्या दोघा-तिघांना सकाळी डोकं दुखतं, मळमळतं, आणि बाहेर हवेत गेल्यावर बरं वाटतं, तर रात्रीच्या बिर्याणीवर संशय घेण्याआधी गोरसीकडे पाहावं. झोपण्याआधी ती खोलीबाहेर न्यावी. ‘विझलीय’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेली गोरसीही तासन् तास वायू सोडत राहते.

थंडीचा आणखी एक पैलू या भागात फार महत्त्वाचा आहे. सिकलसेल छत्तीसगढ आणि विदर्भात घरोघरी ऐकू येणारा आजार. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली, त्यामुळे तपासणी आता बरीच सोपी झाली आहे. सिकलसेल असलेल्या मुलाला गार वारा आणि पाण्याची कमतरता दोन्ही सोसत नाहीत. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, पोट असह्य दुखतं. अशा मुलाला कॅरलच्या टोळीबरोबर पाठवू नये असं नाही. कानटोपी, मोजे, दोन थर कपडे आणि सोबत कोमट पाण्याची बाटली असावी. थंडीत तहान लागत नाही, म्हणून आठवण करून पाणी द्यावं. ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेला की सण बाजूला ठेवून त्याच रात्री रुग्णालयात न्यावं.

आणि त्या उबदार कपड्यांबद्दल. वर्षभर ट्रंकेत डांबर गोळ्यांबरोबर राहिलेली दुलई नवजात बाळाला तशीच गुंडाळू नये. नॅफ्थलीनचा वास बाळाच्या कातडीतून, श्वासातून आत जातो. जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असलेल्या बाळांच्या लाल पेशी त्याने फुटतात आणि कावीळ डोळ्यांपर्यंत चढते. अंगाला तेल लावलेलं असलं तर तो अधिक शोषला जातो, आणि आजीबाई तेल तर लावणारच. दुलई धुवावी, दोन-तीन दिवस उन्हात टाकावी. गोळ्या पांढऱ्या असल्यामुळे त्या खडीसाखरेसारख्या दिसतात हेही ध्यानात असू द्यावं.

नातवाने आजोबांना काय द्यावं आणि काय देऊ नये, याचा हिशोब छोटा पण तसाच खरा आहे. पाळणाघरातून आलेली सर्दी पोराला दोन दिवसांत उतरते, दम्याच्या किंवा सीओपीडीच्या आजोबांच्या छातीत मात्र घर करते. पोराला सर्दी-ताप असेल तर एक दिवस मांडीवर नको, पापे नकोत, लांबून टाटा चालतो. हात साबणाने धुणं दोघांनी. फ्लूची लस टोचून घेतल्यावर असर यायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणजे ती डिसेंबरच्या सुरुवातीला घ्यावी. गव्हाणीत पसरायचा पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, ओला राहिलेला असेल तर त्यावर बुरशी असते. दम्याच्या घरी तो न घेता कागदाचा पेंढा करावा. आणि पोराच्या गोट्या, ट्रेनचे डबे, ठोकळे रात्री झोपण्याआधी टोपलीत. आजी दोनला बाथरूमला उठते, दिवा लावत नाही कारण ‘पोराची झोप मोडेल’. सत्तरीतली मोडलेली मांडी म्हणजे शस्त्रक्रिया आणि कित्येक महिने. बाथरूमपर्यंतच्या वाटेवर एक मंद दिवा रात्रभर असावा; उठताना खाटेच्या कडेला अर्धा मिनिट बसून मग उभं राहावं.

मधुमेहाचं गणित मात्र वेळेचं आहे. आजोबा नेहमीप्रमाणे आठला जेवणाआधीची गोळी घेतात. जेवण मात्र प्रार्थनेनंतर, रात्री एकला. मधल्या पाच तासांत साखर ७० च्या खाली येते. घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं दिसतं, आणि घरचे म्हणतात, ‘म्हातारा पेंगतोय’. गोळी जेवणाबरोबर घ्यायची की कमी करायची, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. निघण्यापूर्वी एक पोळी-भाजी खाऊन घेतली तर कोणाचाही उपास मोडत नाही. साखर उतरली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालू नये. मग केक? एक तुकडा जरूर. बिघडतं ते तीन दिवस चाललेल्या अरसा, खुरमी, ठेठरी, करंजी आणि चहाच्या फेऱ्यांनी. ठेठरीत तर साखरेची चर्चा चालू असताना मीठ आणि तेल चुपचाप जातं. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं आणि पाय सुजले, तर ते पाणी साचल्याचं लक्षण धरावं.

मल्याळी शेजाऱ्यांकडून आलेली घरची द्राक्षाची वाइन आणि रममध्ये भिजवलेली सुकी फळं यांच्याबद्दल एकच. बाटली सरबताच्या बाटल्यांजवळ नको. लहान मुलाच्या रक्तातली साखर थोड्याशा मद्यानेही पडते. आजोबा झोपेची गोळी घेत असतील तर त्या रात्री पेला टाळावा.

मुलांना सांताची भीती वाटते, त्यात काही बिघडलेलं नसतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला कापसाची दाढी लावलेला काका ओळखू येत नाही. फोटोसाठी त्याला मांडीवर दाबून बसवू नये. स्मृतिभ्रंश असलेल्या आजोबांचंही तसंच: लुकलुकणारी माळ, मोठा स्पीकर आणि दहा पाहुणे एकाच वेळी त्यांना सोसत नाहीत. त्यांच्यासाठी आतल्या खोलीत ओळखीची चादर आणि एकच ओळखीचं माणूस असू द्यावं.

प्रार्थनेला दुचाकीवरून जाणाऱ्यांसाठी कायदा स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा लागतो, वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको. कुम्हारीच्या हमरस्त्यावर रात्रभर ट्रक धावतात.

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवावा. त्यावर १०८, टाटीबंधचं एम्स आणि भिलाईच्या सेक्टर ९ चं रुग्णालय यांपैकी आपल्याला जवळचं कोणतं ते, आजी-आजोबांच्या औषधांची नावं, आणि मुलाचं वजन किलोत. लहान मुलाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो, आणि रात्री दोन वाजता ते वजन घरात कुणालाच आठवत नाही.