वाचाल तर ९०० रुपये वाचाल



"मला कुठे वाचता येतं?" असं बैठकीत कुणी म्हणालं, की मी विचारते, ताई, काय वाचता येत नाही? कारण वाचण्याचे प्रकार पुष्कळ आहेत.

'वाचा' म्हणजे बोलणं. 'वाचणं' त्याच घरातलं. उत्तनच्या चर्चमध्ये मिस्साच्या वेळी वाचन होतं, श्रावणात घरोघरी पोथी वाचतात. एक वाचते, बाकीच्या ऐकतात. आपल्या गटात मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचतात, तेही असंच. चूक ऐकणारीच पकडते.

विजेच्या मीटरचं 'रीडिंग' म्हणजे आकडे वाचणं. आजच्या आकड्यातून मागचा आकडा वजा करा, वापरलेली युनिटं कळतात. त्याला अक्षरओळख लागत नाही.

आणि वाचणं म्हणजे सुटणं, शिल्लक राहणंसुद्धा. जीव वाचतो, पैसे वाचतात. 'वाचाल तर वाचाल' म्हणतात ते यासाठीच.

आता हिशेब करून बघू. समजा, १०,००० रुपये कर्ज घेतलं. व्याज महिना २ टक्के, हप्ते १०, दर महिन्याला मुद्दल १,००० रुपये.

१) व्याज मूळ रकमेवर लावलं तर दर महिन्याला २०० रुपये. १० महिन्यांचे झाले २,०००.

२) व्याज शिल्लक मुद्दलावर लावलं तर पहिल्या महिन्यात २००, मग १८०, मग १६०, असं उतरत शेवटी २०. एकूण १,१००.

दोन्ही कागदांवर '२ टक्के'च लिहिलेलं असतं. फरक मात्र ९०० रुपयांचा! तो 'मूळ रकमेवर' की 'शिल्लक रकमेवर' एवढ्या शब्दांत लपलेला असतो. ते शब्द वाचले, तर ९०० वाचले.

कागदावर अंगठ्याजवळ बऱ्याचदा लिहिलेलं असतं, 'वाचून दाखवले, समजले, मान्य आहे.' खरंच वाचून दाखवलं का? नसेल तर अंगठा उचलून धरा. "आधी वाचा, मग करते," असं म्हणायला लाजू नका. सही करणाऱ्या ताईंनो, तुम्हीही थांबा. सही करता येणं म्हणजे कागद वाचला असं नाही.

पुढच्या बैठकीसाठी अभ्यास: प्रत्येकीने आपलं पासबुक आणायचं आणि शेवटच्या ओळीतली शिल्लक स्वतः वाचायची. अडली तर शेजारणीने बोट ठेवून दाखवायचं, पण आकडा तिलाच बोलू द्यायचा. ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांनी व्याज कशावर लागतं ते कागदात शोधून यायचं. सापडलं नाही तर कागद घेऊन या, आपण मिळून वाचू.